'पक्के' घर म्हणजे कोणते?

कोकणातील कोणत्याही गावातून आज फेरफटका मारला, तर एक दृश्य हमखास दिसते. आठ-दहा वर्षांपूर्वी मुंबईच्या पैशाने बांधलेले सिमेंट-काँक्रीटचे चौकोनी घर, त्यावर सपाट स्लॅब आणि त्या स्लॅबवर लोखंडी खांब रोवून उभारलेले निळ्या किंवा तांबड्या पत्र्याचे उतरते छप्पर. स्लॅब गळू लागला म्हणून पत्रा आला. म्हणजे मालकाने एकाच घरासाठी दोन छपरांचे पैसे मोजले. आणि दुसरे छप्पर नेमके तसेच उतरते केले, जसे त्याच जागी उभ्या असलेल्या, त्याने पाडून टाकलेल्या आजोबांच्या घराला होते. फरक इतकाच, की आजोबांच्या कौलांखाली वैशाखातही दुपारची झोप लागत असे. नव्या घरात त्यासाठी वातानुकूलन यंत्र बसवावे लागले आहे.

या नव्या घराला सारा गाव 'पक्के घर' म्हणतो. जे पाडले ते 'कच्चे' होते. या दोन शब्दांनी आपल्या खेड्यांचे रूप जेवढे पालटले, तेवढे क्वचितच अन्य कशाने पालटले असेल. 'पक्का' हा शब्द 'पक्व' या संस्कृत शब्दापासून आला. जे पिकले, जे शिजले, जे भट्टीतून भाजून निघाले, ते पक्के. काळाच्या कसोटीला उतरणे हाही अर्थ त्यात अनुस्यूत आहे. प्रत्यक्षात मात्र आपण सिमेंट वापरले की घर पक्के, न वापरले की कच्चे, एवढीच सोपी वाटणी करून टाकली. शासकीय गणनेतही हाच प्रकार आहे. मातीच्या वा न भाजलेल्या विटांच्या भिंती कच्च्या धरल्या जातात. छपराची गंमत तर याहून मोठी आहे. यंत्राने घडवलेले कौल पक्के आणि कुंभाराने हाताने घडवलेले, त्याच मातीचे, तसेच भाजलेले कौल मात्र कच्चे! घर कसे टिकले, त्यात राहणारी माणसे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात कशी राहिली, याचा या वर्गवारीत कोठेही विचार नाही.

निसर्गाशी जुळवून घेणाऱ्या, टिकाऊ अशा लहान घरांविषयी हल्ली बरेच लिहिले-बोलले जाते. शहरी मासिकांतून त्यांची गुळगुळीत छायाचित्रे झळकतात. परंतु हा विषय हौशी मंडळींच्या सुट्टीतल्या घरापुरता राहिला, तर त्यातून काहीही निष्पन्न होणार नाही. निवृत्तीनंतर गावच्या जमिनीवर घर बांधण्याचा विचार करणारी हजारो मध्यमवर्गीय कुटुंबे आज मुंबई-पुण्यात आहेत. घरकुल मंजूर झालेली लाखो कुटुंबे खेड्यांत आहेत. त्यांचा निर्णय पुढच्या दोन पिढ्यांसाठी गावाचे रूप ठरवणार आहे. 'पक्के' या शब्दाची फेरतपासणी त्यांच्यासाठी करावयाची आहे.

प्रारंभीच एक गोष्ट मान्य केली पाहिजे. जुने ते सारे सोने, असे म्हणणाऱ्यांनी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचे विस्मरण होऊ देऊ नये. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गाडली गेली, ती बहुतांशी दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचा जाड थर असलेल्या माळवदाच्या घरांत. ओबडधोबड दगडांच्या रुंद भिंती, आतल्या व बाहेरच्या थरांना एकत्र बांधणारे आडवे दगड नाहीत आणि डोक्यावर दरवर्षी नव्या मातीने वाढत गेलेले ओझे. उन्हाळ्यात थंडावा देणारे तेच छप्पर त्या पहाटे काळ ठरले. मराठवाड्यातील माणसाच्या मनात दगड-मातीविषयी जी धास्ती बसली ती अकारण नाही, आणि तिची टवाळी करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पण तेवढ्यावरून काँक्रीट सुरक्षित आणि माती घातक, हा निष्कर्षही निघत नाही. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. त्या वेळी केंद्रापासून शेकडो किलोमीटर दूर अहमदाबादेत बहुमजली काँक्रीटच्या इमारती कोसळल्या आणि खुद्द कच्छच्या बन्नी भागातील 'भुंगा' म्हणून ओळखली जाणारी मातीची गोल घरे मोठ्या संख्येने शाबूत राहिली. गोल आकार, हलके छप्पर आणि बुटक्या भिंती यांनी ती वाचवली. अर्थात, घराचे बळ ते कशाचे आहे यावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते कसे बांधून घेतले आहे यावर असते. जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखाली सलग पट्टे घालून भिंती एकमेकींना जखडल्या, कोपरे सांधले आणि छपराचे वजन उतरवले, तर चिऱ्याचे वा मातीच्या विटेचे लहान घरही धक्का सोसू शकते. भारतीय मानक संस्थेने यासाठी स्वतंत्र मानके प्रसिद्ध केली आहेत. मातीच्या बांधकामासाठी १३८२७ आणि कमी ताकदीच्या दगडी-विटांच्या बांधकामासाठी १३८२८ क्रमांकाचे मानक आहे. ही दोन्ही १९९३ सालची, म्हणजे किल्लारीच्याच वर्षाची आहेत. तीस वर्षांहून अधिक काळ ती उपलब्ध आहेत. किती तालुक्यांच्या बांधकाम विभागांत ती उघडून पाहिली जातात, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या तालुक्यात विचारून पाहावा.

कोकणाचा प्रश्न मुख्यतः पाण्याचा आहे. तेथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि तो सरळ पडत नाही. नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरका घुसतो. अशा पावसाला सपाट छप्पर हे उत्तरच नव्हे. सपाट स्लॅबवर पाणी थबकते, बारीक भेगांतून झिरपते, आतल्या सळयांना गंज चढतो. गंजलेली सळई फुगते, तिच्या फुगवट्याने काँक्रीटचे पोपडे सुटतात आणि मग पाण्याला आणखी मोठी वाट मिळते. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत ही क्रिया अधिकच वेगाने चालते. जांभ्याच्या भिंतीत मुळात सळईच नसल्यामुळे तिला हा रोग होत नाही. म्हणूनच शंभर वर्षांचे चिरेबंदी घर उभे आणि पंचवीस वर्षांच्या 'पक्क्या' घराच्या छताला टेकू, असा विपर्यास कोकणात जागोजागी पाहावयास मिळतो.

जांभा हा खरोखर अद्भुत दगड आहे. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की अवजाराने कापता येतो. हवा लागली की टणक होत जातो. फ्रान्सिस बुकानन या इंग्रज कंपनीच्या सेवेतील वैद्याने आपल्या १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात केरळातील अंगाडिपुरम येथील हा दगड पाहून त्याला 'लॅटराइट' हे नाव दिले. लॅटिन भाषेतील 'वीट' या अर्थाच्या शब्दावरून ते घेतले आहे. निसर्गाने जमिनीतच ठेवलेली, भट्टी न लागणारी वीट! तिला भाजण्यासाठी लाकूड-कोळसा लागत नाही, ही गोष्ट आज अधिकच मोलाची ठरते. कारण जगभरातील मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडमध्ये एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांचा मानला जातो.

येथे कौलांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. कोकणी घराची ओळख म्हणून आपण ज्या मंगळुरी कौलाचा गौरव करतो, ते तसे फार जुने नाही. बाझेल मिशनने १८६५ च्या सुमारास मंगळूरला कारखाना काढला आणि तेथून हे खाचेचे, एकमेकांत अडकणारे कौल पश्चिम किनाऱ्यावर पसरले. त्यापूर्वी गरिबाघरी गवताचे आणि जरा बऱ्या घरी नळीच्या कौलांचे छप्पर असे. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांनी एक परकी, कारखान्यात घडलेली वस्तू निःसंकोच स्वीकारली. कारण ती त्यांच्या पावसाला, त्यांच्या वाशांना आणि त्यांच्या गवंड्याच्या हाताला मानवली. नव्याला नकार देणे हे परंपरेचे लक्षण कधीच नव्हते. नवे पारखून घेणे हे होते. स्लॅब पारखून न घेताच आपण स्वीकारला, एवढीच तक्रार आहे.

या संदर्भात लॉरी बेकर यांचे स्मरण अपरिहार्य आहे. १९१७ साली इंग्लंडात जन्मलेला हा वास्तुविशारद कुष्ठरुग्णांच्या रुग्णालयांच्या बांधकामासाठी भारतात आला आणि इथलाच झाला. हिमालयात पिठोरागड परिसरात अनेक वर्षे राहताना डोंगरातील गवंडी आणि सुतार दगड, माती आणि लाकूड कसे हाताळतात हे त्याने विद्यार्थ्याच्या नम्रतेने पाहिले. पुढे केरळात त्याने शेकडो घरे बांधली. भारतीय नागरिकत्व स्वीकारले. १९९० मध्ये पद्मश्रीने त्याचा गौरव झाला आणि २००७ मध्ये तिरुअनंतपुरम येथे त्याचे निधन झाले. तारुण्यात मुंबईत त्याची गांधीजींशी भेट झाली होती. आदर्श खेड्यातील घर हे त्याच्या भोवतीच्या पाच मैलांत मिळणाऱ्या सामग्रीतूनच उभे राहावे, हा गांधीजींचा विचार आपण आयुष्यभर बाळगला असे बेकर सांगत. स्वतः गांधीजींनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात (जे पुढे सेवाग्राम झाले) आपल्यासाठी निवास बांधण्यास अनुमती दिली, तीही खर्चाची मर्यादा शंभर रुपये आणि सामग्री व कारागीर तिथलेच, या अटीवर. सेवाग्रामच्या कुटींची बुटकी छपरे, भोवतीचे व्हरांडे आणि मातीच्या जाड भिंती विदर्भाच्या उन्हाळ्यात भर दुपारी पाहाव्यात. त्यामागील विचार तेव्हा अधिक चांगला समजतो.

बेकरचे वैशिष्ट्य असे, की त्याला सिमेंटचा तिटकारा नव्हता, उधळपट्टीचा होता. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावून भिंतीत पोकळी ठेवण्याची पद्धत त्याने रूढ केली. त्यात विटांची सुमारे एक चतुर्थांश बचत होते आणि पोकळीमुळे उष्णता आत यायला अडथळा होतो. स्लॅबच्या खालच्या भागातील काँक्रीट ताण सोसण्याचे काम करीतच नाही, ते काम सळया करतात. मग तेथे महागडे काँक्रीट कशाला भरायचे, असे विचारून त्याने सळयांच्या चौकटींत टाकून दिलेली मंगळुरी कौले बसवली. खर्च घटला, वजन घटले आणि खोलीही थंड राहिली. परदेशात शिकलेल्या माणसाने आपल्या भंगारातल्या कौलाला प्रतिष्ठा द्यावी आणि आपल्या अभियंत्याने घरमालकाला सांगावे, "कौलारू कशाला, स्लॅबच टाका साहेब", याला काय म्हणावे! असो.

मात्र पाच मैलांचा नियम आज डोळे झाकून लावता येत नाही. कोकणातील सड्यांवर चिरेखाणींनी जे केले आहे, ते पाहिल्यावर जांभ्याचे गुणगान करतानाही जीभ अडखळते. पावसाळ्यात रानफुलांनी बहरणारे, पाणी जिरवणारे, ज्यांच्यावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने कातळशिल्पे कोरून ठेवली आहेत असे सडे यंत्रांनी चौकोनी खड्ड्यांत कापले जात आहेत. चिरा उपसून झाला की खड्डा तसाच सोडला जातो. म्हणून केवळ 'स्थानिक दगड वापरा' म्हणणे पुरेसे नाही. 'कमी दगड लागेल असे घर बांधा' असे म्हणावे लागेल. टिकाऊ घरात सर्वांत मोठी बचत ही न बांधलेल्या खोलीची असते. वर्षातून आठ दिवस येणाऱ्या मुलासाठी वरचा मजला, पाहुण्यांसाठी दोन शयनगृहे, त्यांना जोडून दोन स्नानगृहे. आणि वर्षाचे उरलेले दिवस तेथे पाली आणि वाळवी. निसर्गप्रेमाच्या नावाखाली बांधलेली अडीच हजार चौरस फुटांची चिरेबंदी घरे मी पाहिली आहेत. त्यांपेक्षा पाचशे चौरस फुटांचे साधे सिमेंट विटांचे घर निसर्गावर अधिक उपकार करते.

लहान घर म्हणजे कोंडलेले घर नव्हे, हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. पडवी, ओटी, खळे, मागील दार आणि परस यांच्यामुळे दोन खोल्यांचे घर चार खोल्यांचे काम देत असे. दिवाळीनंतर खळ्यात मांडव पडला की पुढचे सहा महिने घरातली निम्मी कामे मांडवाखाली होत. भिंती न बांधता मिळालेली ही जागा आहे. आज चार माणसांच्या कुटुंबासाठी दहा बाय बाराच्या दोन खोल्या, दहा बाय दहाचे स्वयंपाकघर, मागच्या पडवीतून जाता येईल असे न्हाणीघर व शौचालय आणि पुढे-मागे सहा-सात फूट रुंद पडव्या, एवढे पुष्कळ होते. घराच्या लांब भिंती उत्तर-दक्षिण दिशांना तोंड करून असाव्यात, म्हणजे तापत्या पश्चिमेला सर्वांत अरुंद बाजू येते. त्या बाजूला न्हाणीघर, अडगळ किंवा पडवी ठेवावी. पावसाळ्यात तेथे पूर्वी झावळ्यांचे झाप बांधत, आजही बांधता येतात. जोते दोन-अडीच फूट उंच घ्यावे आणि भिंत चढवण्यापूर्वी त्यावर ओल रोखणारा थर अवश्य द्यावा. चिऱ्याच्या भिंतीला बाहेरून गिलावा करण्याची गरज नाही, सांधे नीट भरले की पुरते. छपराची वळचण भिंतीच्या किमान अडीच-तीन फूट पुढे आली पाहिजे. पागोळ्या जेथे पडतात तेथे दगडी चर असावा. समोरासमोर खिडक्या, माथ्याजवळ गरम हवा निघून जाण्यासाठी झरोके आणि स्वयंपाकघरावर दोन-तीन काचेची कौले ठेवावीत. दिवसा दिवा लावावा लागत नाही. सागाची तुळई न परवडली आणि फणस-किंजळीचे जुने लाकूड न मिळाले, तर लोखंडी नळ्यांचे वासे खुशाल घालावेत. त्यात कमीपणा नाही.

या घराचे छप्पर पडव्यांसह आठशे चौरस फुटांचे धरले, तर त्यावर वर्षाला सुमारे सव्वादोन लाख लिटर पाणी पडते. त्याच कोकणात एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहणारी गावे आहेत! पाच माणसांना रोज दरडोई सत्तर लिटर धरले, तरी उन्हाळ्यातील शेवटच्या साठ दिवसांसाठी एकवीस हजार लिटर पुरतात. म्हणजे जेवढे पडते त्याचा दहावा हिस्सा. उतरत्या छपराला पन्हळ लावून पहिल्या पावसाचे मळके पाणी वाहू दिले आणि नंतरचे टाकीत घेतले की काम झाले.

घर निसर्गाशी जुळणारे आहे की नाही, याचा मोठा भाग मात्र पहिला चिरा बसण्यापूर्वीच ठरून जातो. जागा कोणती निवडली? ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण, २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळची इरशाळवाडी. सह्याद्रीच्या उतारांनी दहा वर्षांत तीनदा गावे गिळली. तेथील बांधव पिढ्यान् पिढ्या तेथे राहत होते, त्यांना दुसरी जागा कोणी दिली नव्हती. दोष त्यांचा मुळीच नाही. परंतु समुद्र दिसावा, दरी दिसावी म्हणून डोंगराची कूस कापून सपाट केलेले भूखंड जे घेतात, त्यांना तर निवड होती. 'निसर्गाच्या कुशीत' अशी जाहिरात असते. कूस कापल्याचा उल्लेख नसतो. उतारावर बांधायचेच असेल तर उतार न कापता जोते दोन पातळ्यांवर घ्यावे, जुन्या घरांनी तेच केले आहे. वहाळाची जागा उन्हाळ्यात कोरडी दिसली तरी ती त्याचीच असते, हे चिपळूणकरांना २०२१ च्या जुलैनंतर वेगळे सांगायला नको.

वास्तुशास्त्राच्या नावाने आजकाल जो व्यवहार चालतो, त्याविषयी येथे लिहिणे भाग आहे. ईशान्येचे शौचालय हलवण्यासाठी लाखभर रुपये खर्चून भिंती फोडणारा सुशिक्षित गृहस्थ, पावसाचा मारा कोणत्या भिंतीवर होतो असे विचारले तर निरुत्तर होतो. नैर्ऋत्येला भिंत जड आणि बंद असावी, असे जुने वास्तुविचार सांगतात. कोकणात पाऊस आणि दुपारचे ऊन दोन्ही त्याच अंगाने येतात, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. तेच त्या नियमाचे कारण होते असा माझा दावा नाही. पण दिशांचा विचार म्हणजे ऊन, वारा आणि पाणी यांचा विचार, एवढे ज्याला समजले त्याला होकायंत्र घेऊन येणाऱ्या सल्लागाराची गरज उरत नाही.

आता अडचणी. कौलारू घराची बाजू घेणाऱ्यांनी त्या लपवू नयेत. पहिली अडचण माकडांची. पूर्वी वर्षाकाठी पाच-दहा कौले फुटत, आता एका टोळीने एका दिवसात तेवढी फुटतात. दुसरी अडचण माणसांची. पावसाळ्यापूर्वी कौले चाळायला छपरावर चढणारा माणूस मिळत नाही आणि ज्याचे घर, तो तर अंधेरीत किंवा चिंचवडात. बंद घर कौलाचे असो की स्लॅबचे, ते खचतेच. पण कौलारू लवकर खचते. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांत ज्यांची कौले आणि पत्रे उडाले, त्यांनी त्यानंतर स्लॅबचा आग्रह धरला तर त्यांना नावे ठेवता येत नाहीत. कौले नुसती ठेवून न देता कडेच्या आणि आढ्याजवळच्या ओळी तारेने वा स्क्रूने जखडणे, वळचणीचे वासे भिंतीतल्या पट्ट्याला बांधून घेणे आणि एक खोली तरी, निदान मधली, भरीव छताची ठेवणे, हा त्यावरचा व्यवहार्य मार्ग आहे. उतरता स्लॅब घालून त्यावर कौले बसवणे हाही एक मार्ग. तो खर्चिक आहे, पण माकडांपुढे टिकतो.

आणखी एक अडचण आपल्या लेखांत सहसा येत नाही. मातीच्या घराचा थंडावा पुरुषांच्या आठवणीत आहे. सारवणाचे हात बायकांचे होते. दर आठवड्याला जमीन सारवणे, पावसाळ्यात गळक्या जागी भांडी ठेवत रात्र काढणे, धुराने काळवंडलेल्या माजघरात डोळे चोळणे, हे ज्यांनी सोसले त्यांनी फरशी आणि स्लॅब मागितला, तर ती चैन नव्हती. त्यामुळे मातीची जमीन परत आणा, असे मी म्हणणार नाही. फरशी हवी, घरात नळ हवा, धूर बाहेर काढणारे स्वयंपाकघर हवे. गृहिणीचे कष्ट वाढवणारे घर पर्यावरणपूरक म्हणवून घेण्यास अपात्र आहे. मात्र या सर्व सोयी कौलांखालीही होतात. त्यासाठी छप्पर सपाट करावे लागत नाही.

प्रश्न उरतो तो कारागिराचा आणि व्यवस्थेचा. चिरा घडवणारा गवंडी आणि छपराचा सांगाडा बेतणारा सुतार आज गावोगावी साठीकडे झुकलेला आहे. त्याचा मुलगा सेंट्रिंगच्या कामावर जातो, कारण मागणी तिथे आहे. बांबूच्या बाबतीत वेगळे घडू शकले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मेळघाटात लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे यांनी उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने आणि कुडाळच्या कोनबॅक संस्थेने बांबूवर प्रक्रिया करून टिकाऊ बांधकाम करता येते हे दाखवून दिले. २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेरील बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे तो तोडणे आणि वाहून नेणे सुलभ झाले. कायद्यातली एक व्याख्या बदलली आणि एका कारागिरीला श्वास घेता आला. 'पक्के' या व्याख्येचेही असेच आहे. बँकेचा मूल्यनिर्धारक चिऱ्याच्या कौलारू घराकडे पाहून नाक मुरडतो, मातीच्या विटांच्या घराला तर कर्ज मिळणेच दुरापास्त. घरकुलाचा हप्ता सोडताना स्लॅब पडला की नाही, हे पाहण्याची सवय तालुक्याच्या कार्यालयाला लागली आहे.

वास्तविक प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात स्लॅबची सक्ती नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे आणि अनुदान सपाटीवर १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये ठरवण्यात आले. एवढ्या पैशात स्लॅब टाकायला निघालेले कुटुंब बहुधा कर्जात जाते. याच योजनेसाठी केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने दिल्लीच्या आयआयटीच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या सहकार्याने 'पहल' हा ग्रंथ सिद्ध केला. प्रकृती, हुन्नर, लोकविद्या या तीन शब्दांवरून हे नाव घेतले आहे. त्यात निरनिराळ्या राज्यांतील हवामान, स्थानिक सामग्री आणि आपत्तींचा धोका विचारात घेऊन घरांचे नमुना आराखडे दिले आहेत. महाराष्ट्राचेही आहेत. शासनाने स्वतः केलेले असे चांगले काम शासनाच्याच कपाटात पडून राहणे आपल्याला नवीन नाही.

या दिवाळीनंतर बांधकामाचा हंगाम सुरू होईल आणि तो मे अखेरीपर्यंत चालेल. ज्यांच्या गावात घरकुलांची यादी लागली आहे, त्यांनी ग्रामसभेत 'पहल'मधील आपल्या विभागाचा आराखडा दाखवण्याची मागणी करावी. चिरा, कौल वा मातीच्या दाबलेल्या विटांचे घर नाकारले गेले, तर त्याचे कारण अभियंत्याकडून लेखी घ्यावे. ज्यांना स्वतःच्या पैशाने घर बांधायचे आहे, त्यांनी नकाशा काढणाऱ्याकडे जाण्याआधी गावातील सर्वांत जुन्या, अजून न गळणाऱ्या घरात एक पावसाळी दुपार बसून काढावी. ते बांधणाऱ्या गवंड्याच्या घरचे कोणी अजून हे काम करीत असतील, तर त्यांचा पत्ता विचारावा.